नारिनच्या बाजाराचे शब्द

गुल्सुनला पहिला फोन आला तो मंगळवारी सकाळी. गाळ्याची ताडपत्री तेव्हा अजून अर्धीच वर गुंडाळून झाली होती. पलीकडच्या बाईने विचारलं, "तुम्ही सुईणच ना?" गुल्सुन "राँग नंबर" म्हणाली आणि विसरून गेली. गुरुवारी दुसऱ्या एका बाईने तेच विचारलं. शनिवारी फोनवर पुरुष होता आणि तो हसत हसतच बोलत होता.

"बाळंतपण फुकट करता म्हणे. बायकोला कधी पाठवू? वर मुरंब्याची बाटली मिळते का?"

गुल्सुन नारिनच्या बाजारात कुरुतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे आणि रासबेरीचा मुरंबा विकायची. सुईणपणाशी तिचा संबंध एवढाच, की तिला स्वतःला चार मुलं झाली होती. फोन हातात घेऊन ती तशीच शेजारच्या गाळ्यात शिरली. तिथे अनारकुल लोकरीच्या सपाता जोडीजोडीने लावत बसली होती.

"एजे," तिने थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली, "हे जरा वाच. मी वाचते तर मला वाटतंय माझंच डोकं फिरलंय."

अनारकुलने चष्मा कायम खिशात असलेल्या मऊ फडक्याने पुसला, आणि वाचायला घेतलं. पंधरवड्यापूर्वी राजधानीतल्या एका कंपनीची माणसं बाजारात येऊन गेली होती. फोनवर दुकान काढून देतो, अर्ध्या तासात, तेही आपल्या किर्गीझ भाषेत, असं सांगत ती गाळ्यागाळ्यांतून फिरली. त्या सगळ्या कारभाराचं नाव बोसोगो, म्हणजे उंबरठा. गुल्सुनने हौसेने दुकान काढलं होतं. आता त्या दुकानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'संपूर्ण नारिनमध्ये मोफत बाळंतपण'. खाली, 'आपला हुकूम द्या'. त्याखाली मुरंब्याच्या चित्राजवळ, 'घोडागाडीत टाका'. आणि पत्ता लिहून झाला की दाबायचं बटण होतं, त्यावर 'जीव वाचवा'.

कोणीही हसलं असतं. अनारकुल हसली नाही. छापलेल्या चुकीचं तिला हसू येतच नसे. भातात खडा लागावा तसा तिचा चेहरा होई.

आतबाशीच्या वरच्या अंगाला, मेंढपाळाच्या घरात ती जन्मली. हिवाळ्यातल्या घराला वारा लागू नये म्हणून आईने भिंतींना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती, काही सुलटी, काही उलटी. त्या भिंतींवर ती वाचायला शिकली, आणि उलटं वाचायला तर आधी शिकली. बाविसाव्या वर्षी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागली आणि सत्तावीस वर्षं तेच करत राहिली. एकदा एका खेड्याचं नाव चुकीचं छापलं जात होतं. संपादक म्हणाले, जाऊ दे, कोणाच्या लक्षात येतंय. ती म्हणाली, त्या खेड्याच्या. आणि छपाई थांबवली. अंक चार तास उशिरा निघाला आणि तिला लेखी ताकीद मिळाली. पुढे दैनिकाचं साप्ताहिक झालं, मग तपासायचं काम यंत्राकडे गेलं आणि तिला चहाचा सेट व मानपत्र देऊन घरी पाठवलं. मानपत्रात दोन चुका होत्या. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून तिने ते टपालाने परत धाडलं. चहाचा सेट ठेवून घेतला.

तेव्हापासून सपातांचा गाळा. दहा वर्षं झाली होती.

त्या शनिवारी तिने गुल्सुनचं अख्खं दुकान वहीत उतरवून काढलं आणि खुणा केल्या. त्र्याऐंशी चुका निघाल्या. पानाच्या तळाशी कंपनीचा नंबर होता. तो तिने लावला.

फोन उचलणारा रशियनमध्ये बोलला. अनारकुलला रशियन चांगलं येत होतं. ती किर्गीझमध्ये बोलली.

"तुमच्या दुकानात त्र्याऐंशी चुका आहेत. वाचून दाखवू?"

"एजे, ते भाषांतर यंत्राने केलंय, रशियनमधून इंग्रजी आणि इंग्रजीतून किर्गीझ," पलीकडचा माणूस आता अडखळत किर्गीझमध्ये आला. "हळूहळू सुधारेल."

"यंत्राच्या तोंडात घास कोणी घातला?"

"म्हणजे?"

"रशियन पान कोणी लिहिलं?"

"ते... त्यासाठी आम्ही माणूस ठेवला होता."

"आणि आमच्यासाठी यंत्र. बरं. लिहून घ्या, एक..."

बेचाळिसाव्या चुकीला त्याने तिला थांबवलं. म्हणाला, मी बेक्तुर, ही कंपनी माझीच. मी येतो तिकडे.

चौथ्या दिवशी तो खरोखरच आला. डोलोन घाटात बर्फ होतं, गाडी दोनदा रुतली होती, आणि तिशीतला हा माणूस शहरी पातळ बुटांत बाजाराच्या चिखलात उभा होता. अनारकुलने आधी त्याला सपाता दिल्या, मग चहा.

"तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?" तिने विचारलं.

"आजीशी किर्गीझ बोलायचो. शाळा रशियन. मला भाकरी माग, दार लाव, एवढं येतं हो. धंद्याचं येत नाही." त्याने कप खाली ठेवला. "म्हणूनच तर ही कल्पना डोक्यात आली. माझी आजी लोकरीचे जाड नमदे शिवायची आणि विकायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची. पण दुकान काढायला गेलो आणि बाळंतपण करून बसलो. एजे, तुम्ही करून द्याल?"

"पगारावर करीन. उपकार म्हणून नाही. आणि माझ्या शब्दाला कोणी हात लावायचा नाही, मला विचारल्याशिवाय."

"कबूल."

"लिहून द्या."

त्याने लिहून दिलं. त्यातल्या दोन चुका तिने तिथल्या तिथे सुधारून घेतल्या.

त्या हिवाळ्यात अनारकुलने गाळे पालथे घातले. शब्दकोश तिच्याजवळ दोन होते, पण ते तिने घरीच ठेवले. बटणावर काय लिहायचं ते ती विकणाऱ्यांनाच विचारी. माल संपला की तू काय म्हणतोस? मांसवाला म्हणाला, "संपला म्हणतो, आणखी काय म्हणणार?" रशियन पानावर तिथे 'गोदामात शिल्लक नाही' होतं. गोदाम बाजारात कोणाकडेच नव्हतं. तिने 'संपला' लिहिलं. दुकानात शिरायच्या बटणाला ती 'आत या' म्हणाली, कारण कोणत्याही किर्गीझ घराच्या दारात माणूस हेच ऐकतो. गिऱ्हाइकाने घासाघीस करायची सोयच त्या दुकानात नव्हती, ती तिने भांडून घालून घेतली. "भाव न करता कोण घेतं?" ती बेक्तुरला फोनवर म्हणाली. "तो माणूस नाही, चोर असणार. त्याला माल देऊ नका."

राजधानीत कंपनीने एक भाषेचे प्राध्यापकही सल्ल्याला घेतले होते, असानाली नावाचे. त्यांनी चाळीस शब्दांची यादी पाठवली, सगळे शुद्ध, सगळे नवे पाडलेले. अनारकुलने यादी मांसवाल्यासमोर वाचली. एकदा ऐकून कळला तो शब्द राहील, दोनदा सांगावा लागला तो गेला. चाळिसातले सहा राहिले. पासवर्डसाठी प्राध्यापकांनी 'गुपितशब्द' अशा अर्थाचा शब्द दिला होता, तो मांसवाल्याला इतका आवडला की दिवसभर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला "गुपितशब्द सांगा, मग मटण" म्हणत राहिला. पण ऑर्डरसाठी तिने रशियनमधून आलेला, अख्ख्या बाजाराच्या जिभेवर रुळलेला 'झकाझ' ठेवला आणि प्राध्यापकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी फोन केला.

"बाई, आपण भाषा बाटवताय."

"मास्तर, आपण शेवटचं गाजर कधी विकलंत?"

"याचा इथे काय संबंध?"

"तोच तर प्रश्न आहे," अनारकुल म्हणाली, आणि फोन ठेवला.

फेब्रुवारी संपेपर्यंत बाराशेच्या वर शब्द आणि वाक्यं तिच्या वहीत झाली होती आणि नारिनच्या बाजारातल्या बारा बायकांची दुकानं त्या शब्दांत चालू झाली होती. अजून रीतसर उद्घाटन झालं नव्हतं. ही चाचणी होती. पण गुल्सुनचा मुरंबा घाटापलीकडचं कोचकोर गाव ओलांडून गेला, आणि सुईणीचे फोन थांबले.

मग मार्चअखेरीस बेक्तुरचा फोन आला. त्याचा आवाज ऐकूनच अनारकुल खुर्चीवर बसली.

"एजे, उद्घाटन एप्रिलच्या दहाला आहे. मोठ्या हॉटेलात. तुम्ही सगळ्यांनी यायचंय."

"आणि?"

"आणि... पहिल्या दिवशी पान रशियनमध्ये असेल. किर्गीझचं बटण असेल, त्यावर 'लवकरच' लिहिलेलं असेल. पैसे घातलेत ना, त्या गृहस्थांचं म्हणणं आहे की धंदा रशियनमध्ये होतो. किर्गीझ घरची भाषा आहे."

"ते गृहस्थ कुठले?"

"इथलेच. किर्गीझच आहेत."

बेक्तुरने घाईने पुढचं सांगून टाकलं. बायकांनी पारंपरिक पोशाख करावा, डोक्याला पांढरा एलेचेक बांधावा, स्टेजच्या बाजूला नमद्यावर बसावं. अनारकुलने शेवटी दोन मिनिटं आभार मानावेत. ते भाषण लिहून पाठवतो.

"कोणत्या भाषेत?"

बेक्तुर हॉटेलाचा पत्ता सांगायला लागला.

"आम्ही येतो," ती म्हणाली.

कुबातने, तिच्या नवऱ्याने, हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. आयुष्यभर त्याने त्या घाटातून ट्रक चालवला होता आणि कोणत्याही बातमीकडे तो पुढच्या वळणासारखा बघायचा.

"बायबिचे," घरधनिणीला मारतात तशी हाक मारून तो म्हणाला, "भांडायला चाललीस की बसायला?"

"जाऊन ठरवीन."

"मग डिझेल भरून ठेवतो. भांडण झालं तर लगेच निघता आलं पाहिजे."

दहा तारखेला अनारकुल, गुल्सुन आणि आणखी दोघीजणी कुबातच्या जुन्या व्हॅनमधून राजधानीत उतरल्या. एलेचेक कोणीच बांधला नव्हता. कंपनीतली एक मुलगी दारातच म्हणाली, "अहो, पोशाख?" अनारकुल आपल्या रोजच्या लोकरी रुमालाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काय. मी यातच विकते." त्या नमद्यावरही बसल्या नाहीत. मागच्या रांगेत खुर्च्या होत्या, तिथे बसल्या. कोट सांभाळायला खाली एक बाई होती, काउंटरखाली लपवून मोजा विणत होती. कोटांचे बिल्ले घेताना अनारकुलने मोजा उलटून बघितला. टाच सुरेख होती.

कार्यक्रम झकपक झाला. पडद्यावर रशियन अक्षरं सरकत होती. भाड्याने आणलेली एक देखणी मुलगी अर्ध्या मिनिटात दुकान काढून दाखवत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते. किर्गीझचं बटण कोपऱ्यात, राखाडी, 'लवकरच'. त्या एका शब्दातही एक अक्षर चुकलेलं होतं. गुल्सुनने अनारकुलच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, कारण ती उठायला लागली होती.

मग तिचं नाव पुकारलं. तिच्या हातात छापलेला कागद होता. स्टेजवर जाऊन तिने तो नीट घडी करून खिशात घातला.

"मला आभार मानायला बोलावलंय," ती किर्गीझमध्ये म्हणाली. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. "आभार काम पाहिल्यावर मानतात. अजून तुम्ही काही पाहिलं नाही. खाली कोट सांभाळणाऱ्या बाईंना कोणीतरी वर बोलवा. त्यांचा मोजाही आणा."

सोनुनबुबू, ती कोटवाली, घाबरतच आली. तिला वाटलं मोजा विणल्याबद्दल नोकरी जाते की काय. अनारकुलने आपला फोन तिच्या हातात दिला, चाचणीचं पान उघडून. फोन पडद्याला जोडायचा कसा ते अनारकुलला माहीत नव्हतं. बेक्तुर खालून उठला, पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांच्या समोरून गेला, आणि त्याने तार जोडून दिली. पुन्हा जाऊन बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"वाच आणि दाब," अनारकुल म्हणाली. "कळलं नाही तर मला विचारू नकोस, कळलं नाही असं मोठ्यांदा म्हण."

सोनुनबुबूने वाचलं, "आत या." दाबलं. "काय विकता?" तिने लिहिलं, मोजे. "फोटो काढा." काढला, जरा हललेला. "भाव करता की ठरलेला?" सोनुनबुबू पहिल्यांदा हसली. "करते." सभागृहात कोणी तरी हसलं, पण वाईट हसू नव्हतं. अकरा मिनिटं झाली. शेवटी पडद्यावर एकच बटण उरलं, 'दुकान उघडा'. तिने दाबलं.

काही झालं नाही. पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. पैसेवाले गृहस्थ घड्याळाकडे बघत होते.

"थांबू या," अनारकुल म्हणाली. "बाजारात सुटे आणायला गेलं तरी याहून वेळ लागतो."

ती तशीच उभी राहिली. हात खिशात नाही, नजर खाली नाही. सोनुनबुबू मोज्याची सुई बोटांत धरून तिच्याजवळ उभी. किती वेळ गेला ते कोणी मोजलं नाही. मग पडद्यावर तो हललेला फोटो आला आणि वर नाव, 'सोनुनबुबूचे मोजे'. मागच्या रांगेतून गुल्सुन ओरडली, "माझ्यासाठी दोन जोड. भाव बसून करू." टाळ्या वाजल्या. पण अनारकुलच्या लक्षात आलं की टाळ्या कडेच्या लोकांनी वाजवल्या, वाढप्यांनी, तार ओढणाऱ्यांनी. मधल्या रांगा विचार करत होत्या.

नंतर त्या गृहस्थांनी तिला गाठलं. ते सौजन्याने बोलले, रशियनमध्ये. "तुमचा कार्यक्रम छान झाला. लोकांना असं आवडतं. पहिलं पान मात्र रशियनच राहील."

"का?" तिने किर्गीझमध्ये विचारलं.

"कारण जग तसं चालतं, एजे." एजे हा त्यांचा एकच किर्गीझ शब्द.

"तुमची आई बाजारात काय विकायची, आणि कोणत्या भाषेत?" अनारकुलने विचारलं. ते कोट घ्यायला खाली निघून गेले. ती बेक्तुरकडे वळली.

"कागदावर सही तुझी आहे. माझ्या शब्दाला मला विचारल्याशिवाय हात लावणार नव्हतास. कोपऱ्यात ढकलणं हाही हात लावणंच आहे."

"एजे, ते गेले तर कंपनीच राहणार नाही."

"तू ठरव. आम्ही आमचं ठरवलंय."

नारिनला परतल्यावर बाराही बायकांनी आपापली दुकानं बंद केली. मालाचे फोटो काढून टाकले आणि एकच ओळ ठेवली, 'शब्द दाराशी येईपर्यंत बंद'. ओळ अनारकुलची. सोनुनबुबूने राजधानीतून फोन करून विचारलं, तिनेही तीच ओळ लावली.

सोपं नव्हतं ते. गुल्सुनच्या मुरंब्याच्या मागण्या ठरल्या होत्या, त्या फिरल्या. ती रोज सकाळी ताडपत्री वर करताना बोलून घ्यायची. "तुझ्या अक्षरांपायी माझं कुरुत उंदरं खाणार."

"मग उघड. मी अडवलंय का?"

"उघडलं तर तू माझ्याकडे बघणार नाहीस."

"बघीन. बोलणार नाही."

"ते तर अजून वाईट," गुल्सुन म्हणायची, आणि उघडत नव्हती.

दहाव्या दिवशी बेक्तुरचा फोन आला. त्याने हालहवाल विचारली नाही. "पान बघा," एवढंच म्हणाला. अनारकुलने चष्मा पुसला. पहिल्या पानावर, मधोमध, 'आत या'. रशियन वर कोपऱ्यात, नीट लिहिलेलं. तिथे 'लवकरच' नव्हतं, तेही चालू होतं. तिने पान तळापर्यंत वाचलं.

"एक स्वल्पविराम जास्त आहे," ती म्हणाली.

"काढतो." मग म्हणाला, "ते गृहस्थ गेले. ऑफिसही गेलं. आम्ही चौघं आता माझ्या आत्याच्या घरी बसतो. आत्या दर तासाला विचारते, जेवलात का. कामच होत नाही."

"जेवा मग," अनारकुल म्हणाली. तिने लगेच फोन ठेवला आणि सपाता पुन्हा लावायला घेतल्या, लावलेल्याच.

उन्हाळ्यात दुकानं वाढली. तालासहून, इसिक-कुलच्या काठावरून, बाटकेनहूनही लोक येऊ लागले. कंपनी श्रीमंत झाली नाही, पण आत्याच्या घरातून दोन खोल्यांत गेली. अनारकुल गाळ्यातच बसे, फोन आणि वही मांडीवर, आणि दिवसातून पन्नासदा "नाही, असं नाही म्हणत" म्हणे. कुबात म्हणायचा, माझी बायको आता सपाता विकत नाही, नकार विकते.

सप्टेंबरात एके दुपारी फोन आला. पलीकडची बाई दक्षिणेच्या हेलात, तडक बोलली.

"ते दुकानाचे शब्द लिहिणारी बाई तूच का?"

"मीच. आपण?"

"मुखाबत. उझगेनहून. तांदूळ विकते. माल परत घ्यायच्या बटणावर तू काय लिहिलंयस माहीत आहे?"

"परत. साधा शब्द आहे. सगळ्यांना कळतो."

"तुमच्या नारिनमध्ये कळत असेल. आमच्याकडे तो शब्द ओकारी आली की वापरतात. माझ्या तांदळाच्या फोटोखाली ओका असं लिहिलंयस. लोक फोन करून विचारताहेत, तांदूळ कुजका आहे का."

गुल्सुनने कुरुतच्या परातीवरून मान वर केली. अनारकुलचे कान लाल झाले होते.

"शब्द बरोबर आहे," ती म्हणाली. "कोशात बघा."

"तू शेवटचा तांदूळ कधी विकलास?" मुखाबतने विचारलं.

अनारकुलने वही उघडली आणि 'परत' या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्याकडे परत द्यायला काय म्हणतात?"

"ते मी फोनवर का सांगू? आणि हा काय एकच शब्द आहे? भाव करायला तू जे लिहिलंयस ते तर ऐकून आमचे म्हातारे पोट धरून हसतात. तुमची नारिनची भाषा नारिनमध्ये ठेव. आम्हाला आमची पाहिजे."

"किती गाळे आहेत तुमच्या बाजारात?"

"मोजले नाहीत. कशाला?"

"विचारत फिरायला किती दिवस लागतील ते बघतेय."

पलीकडे मुखाबतने एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "उतरायला माझं घर आहे. पण ऐकून ठेव, मी भांडकुदळ आहे."

"बरं झालं," अनारकुल म्हणाली, आणि वहीचं कोरं पान काढून वर उझगेन असं लिहिलं. गुल्सुनला तिने सांगितलं, सपातांकडे आठवडाभर लक्ष दे, कोणालाही लहान माप मोठं म्हणून देऊ नकोस. मग व्हॅनचं डिझेल भरून ठेव म्हणून कुबातला फोन लावला.